मोजून घेतलं, मोजून दिलं

"वॉर्मर एक, जाधवांचं बाळ. आहे."

"आहे," रझिया म्हणाली.

"दोन, पठाणांचं. आहे. तीन आणि चार, जुळी. दोन्ही आहेत."

"आहेत."

"पाच, द्वारकाचं बाळ..."

मी थांबले. द्वारकाच्या बाळाची छाती हलत नव्हती. मी वॉर्मरच्या, म्हणजे बाळांना ऊब देणाऱ्या त्या खाटल्याच्या, काचेवरून हात घालून त्याच्या तळपायावर टिचकी मारली, मग जरा जोरात दुसरी. बाळ दचकलं, तोंड वेडंवाकडं केलं आणि श्वास घ्यायचा राहूनच गेला होता की काय, अशा घाईने घ्यायला लागलं.

"आहे," मी म्हणाले.

रझियाने माझ्याकडे पाहिलं, मग बाळाकडे, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. "बघ हं तनपुरे, अजून ड्युटी तुझीच आहे. श्वास विसरला तो तुझ्या हिश्शात," ती हसत म्हणाली, पण हसू ओठांवरच होतं. तिने पुन्हा एकदा वाकून बाळाची छाती हलताना पाहिली आणि मगच म्हणाली, "घेतलं."

जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात, नवजात बाळांच्या कक्षात माझी नेमणूक होऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. आज मी स्वतः अशा एका कक्षाची इन्चार्ज आहे आणि माझ्या हाताखालच्या मुली मला खडूस म्हणतात, तेही मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने. पण त्या दिवसांत मी ड्युटीवर येताना देवाचं नाव घेत यायची आणि ड्युटी संपली की बसस्टँडपर्यंत मागे वळून बघायची नाही. न जाणो, कुणी हाक मारायचं.

हा 'आहे'चा पाढा म्हणजे आमच्या इन्चार्ज शेडगे सिस्टरांचा नियम. दवाखान्यात पाळी बदलताना एका नर्सने दुसरीला सगळं समजावून द्यायचं, त्याला 'ओव्हर देणं' म्हणतात. सगळीकडे हा ओव्हर टेबलाशी बसून, चहा पीत दिला जातो. आमच्याकडे दोघींनी प्रत्येक बाळापाशी उभं राहून द्यायचा. जेवढी बाळं मोजून घेतली, तेवढी मोजून द्यायची. भिंतीवरच्या फळ्यावर सिस्टरांनी ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं : 'ध्येय : ही ड्युटी.'

त्या आधी त्याच फळ्यावर वरून आलेलं ध्येय असायचं. वर्षअखेर बालमृत्यू इतक्यावरून इतक्यावर. कक्षातल्या जुन्या नर्सा सांगायच्या, त्या आकड्याने कुणाच्याही अंगावर काटा येत नसे. वर्ष चांगलं लांबलचक पडलेलं असायचं. एखादं बाळ गेलं की हळहळ व्हायची, पण अजून बरेच महिने हातात आहेत, भरून निघेल, असं कुणीतरी म्हणायचंच. जणू गेलेलं बाळ पुढच्या महिन्यात भरून निघणार होतं. एकदा असं बोलणं शेडगे सिस्टरांच्या कानावर पडलं. त्यांनी ओल्या फडक्याने फळा पुसला आणि वर्षाची ड्युटी करून टाकली.

आणि खरं सांगायचं तर जादू झाली. हात धुतल्याशिवाय कुणी आत पाऊल टाकीना. वॉर्मरचा अलार्म दुसऱ्यांदा वाजायच्या आत कुणीतरी पोचलेलं असायचं. वर्ष कुणाचंच नव्हतं, ड्युटी मात्र माझी होती. बराच काळ आमच्या कक्षातून एकही बाळ गेलं नव्हतं. शेडगे सिस्टर बोलून दाखवत नसत, पण राउंडला आलेल्या साहेबांना फळ्यासमोरच नेमकं उभं करत.

द्वारकाचं बाळ दिवस भरायच्या पुष्कळ आधी आलेलं. सव्वा किलोच्या आतबाहेर, कातडी अशी पातळ की खालच्या शिरा दिसाव्यात. मुलगी होती. द्वारकाची याआधीची दोन बाळंतपणं वाया गेलेली. सासर-माहेर दोन्हीकडची माणसं ऊसतोडीला गेलेली, त्यामुळे सोबतीला नणंद तेवढी होती, गोकर्णा. बाळाची आत्या. आडदांड बाई, आवाज असा की शिपायानेही दोन पावलं मागे सरावं. पाचव्या दिवशी पाचवी पुजायची म्हणून ती सटवाईसाठी पाटा, हळदकुंकू आणि लिंबू घेऊन कक्षाच्या दारात हजर झाली होती.

"आत काही आणता येत नाही, बाई," मी म्हटलं.

"मंग सटवाईनं बाहीरूनच लिव्हावं का कपाळावर?"

"बाहेरूनच लिहू दे. चांगलं लिहायला सांगा म्हणजे झालं."

तिने खरोखरच दाराबाहेर पायपुसण्याशेजारी पाटा मांडला आणि पाचवी पुजली. पण बाराव्या दिवसाबद्दल विचारलं तेव्हा मात्र तिचा आवाज बसला. "नाव ठिवायचं आत्यानं असतंय. म्या ठिवलंय मनात. पन सांगनार नाई. पहिल्या दोघांची घाईनं ठिवली व्हती."

द्वारका तर बोलायचीच नाही. दिवसातून कितीदा तरी वाटीत दूध काढून द्यायची, ते आम्ही नळीने बाळाच्या पोटात सोडायचो. बाळ जगेल का, घरी कधी जाईल, असं तिने एकदाही विचारलं नाही. पाळी बदलायची वेळ झाली की दाराच्या काचेशी येऊन उभी राहायची आणि एकच विचारायची, "आता कोन हाय ड्युटीला?" नाव सांगितलं की मान हलवायची. माझं नाव ऐकल्यावर ती जरा जास्तच वेळ उभी राहायची, असं मला वाटायचं आणि मला ते लागायचंही. मी नवी होते, हे तिला कसं न कळावं!

मग माझ्या मावसबहिणीचं लग्न निघालं आणि मी रजा मागून गावी गेले. हळदीच्या मांडवातसुद्धा मी मधूनच पाचव्या वॉर्मरचा विचार करत होते. आई म्हणाली, "तोंड बघ जरा आरशात, मावशी मेल्यासारखं केलंयस." मावशी समोरच पुरणपोळ्या लाटत होती.

परत आले त्या सकाळी रात्रपाळीच्या ढाकणे सिस्टरांनी ओव्हर दिला. सगळी आहेत. पाच नंबर आहे. मी वाकून पाहिलं आणि "घेतलं" म्हणायला तोंड उघडलं ते उघडंच राहिलं.

बाळाच्या मांड्यांवर घड्या पडल्या होत्या. अंगाला मोठा झालेला सदरा घालावा तशी कातडी लोंबत होती. चेहरा म्हाताऱ्या माणसासारखा झाला होता. मी जाताना ती अशी नव्हती.

"सिस्टर, ही वाळलीय."

"नाही गं. काल होती तश्शीच आहे," ढाकणे सिस्टर म्हणाल्या आणि त्या खोटं बोलत नव्हत्या. कालच्यासारखी ती होतीच. परवा ती आदल्या दिवसासारखी होती. रोज वजन होत होतं, रोज लिहिलं जात होतं, आणि रोजचा आकडा कालच्याला इतका चिकटून असायचा की त्यात कुणाला काही वावगं दिसत नव्हतं. सुरुवातीला बाळं उतरतातच, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. मी मध्ये नव्हते, म्हणून मला दिसलं. एवढंच.

दूध वाढवत न्या, असं डॉक्टर सोळंक्यांनी केव्हाच सांगितलं होतं. बाळ स्थिर वाटलं की आईच्या छातीशी बांधा, त्या उबेने ते अंग धरतं, असंही सांगितलं होतं आणि मग ते शिबिराच्या ड्युटीवर तालुक्याला गेले होते. बदली डॉक्टर यायचे, सगळी बाळं आहेत ना, असं विचारून सही करून जायचे. मी ढाकणे सिस्टरांना विचारलं, "दूध किती चाललंय?"

"तेवढंच. रात्री पोट जरा फुगल्यासारखं वाटलं, म्हणून एक फीड थांबवलं मी. उगाच ओकली आणि छातीत गेलं म्हणजे?"

मला त्यांना नावं ठेवायची सोय नव्हती. कारण सुट्टीवर जायच्या आदल्या दिवशी, अगदी हेच मनात आणून, मीही एका वेळचं दूध थांबवलं होतं.

शेडगे सिस्टर आल्या तेव्हा मी त्यांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिले. मी म्हटलं, "सिस्टर, द्वारकाचं बाळ उपाशी मरतंय."

त्यांनी चष्मा काढला. "काय बोलतेस तुला कळतंय का? माझ्या कक्षात किती दिवसांत बाळ गेलेलं नाही, माहीत आहे?"

"माहीत आहे. प्रत्येकीच्या ड्युटीत ती असते. वाढत मात्र कुणाच्याच ड्युटीत नाही."

मला वाटलं, आता या माझी बदली थेट कुष्ठरोग विभागात करणार. पण त्या उठल्या आणि पाचव्या वॉर्मरपाशी जाऊन उभ्या राहिल्या. दोन बोटांनी त्यांनी त्या मांडीवरची घडी उचलली आणि सोडली. ती तशीच उभी राहिली.

दुपारी रझिया आली तेव्हा सिस्टरांनी घरी गेलेल्या ढाकणे सिस्टरांनाही बोलावून घेतलं होतं. आम्ही तिघी फळ्याखाली ओळीने उभ्या, शाळेत उभं करतात तशा.

"हिला छातीशी बांधायचं होतं. का नाही बांधलं?"

रझियाच आधी बोलली. बोलायला ती कधी घाबरायची नाही. "सिस्टर, ती श्वास विसरते. वॉर्मरमधून काढली आणि माझ्या हातात निळी पडली तर? म्हटलं, रात्री शांत असतं, रात्री काढतील."

"रात्री मी एकटी असते," ढाकणे सिस्टर म्हणाल्या. "म्हटलं, सकाळी इन्चार्ज असतात."

"आणि सकाळी?"

"सकाळी मी नवी आहे," मी म्हटलं. "म्हटलं, दुपारी रझिया आहे."

कुणीच कामचुकार नव्हतं. ज्या बाळासाठी आम्ही तिघी जीव टाकत होतो, त्याच्यासाठी करायला हवी ती गोष्ट धोक्याची होती, आणि धोका आज होता. फायदा बऱ्याच दिवसांनी, दुसऱ्याच कुणाच्या तरी ड्युटीत दिसणार होता. मग आपल्या पाळीत कोण कशाला हात घालील? आम्ही त्या पोरीला अगदी सांभाळून, मोजून, एकमेकींच्या हातात देत मरणाकडे नेत होतो.

शेडगे सिस्टरांनी फडकं ओलं केलं आणि फळा पुसला. त्यांचं स्वतःचं अक्षर पुसताना त्यांचा हात मध्ये थांबला, तो मला दिसला. मग खडू हातात धरून त्या नुसत्याच उभ्या राहिल्या. काय लिहावं ते त्यांना सुचत नव्हतं. वर्ष लिहून उपयोग नव्हता. ड्युटी लिहून काय झालं, ते समोर होतं.

त्यांनी दार उघडून गोकर्णाला हाक मारली. "बाई, बारावं तर गेलं. आता तुमच्यात नाव कधी ठेवतील?"

गोकर्णाने एकदम संशयाने पाहिलं. "कामून? काय झालं?"

"काही नाही झालं. विचारते."

"मंग सव्वा म्हयन्याला. बाळंतीण न्हाऊन बाहीर पडती तव्हा. त्याच्या म्होरं मातर नाई लांबवत आमच्यात."

सिस्टरांनी फळ्यावर लिहिलं : 'द्वारकाचं बाळ : सव्वा महिना. आईच्या अंगावर पिणार, नळीशिवाय.' मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "त्या दिवशी ती कशी असेल, ते तिघींचं मिळून. तोवर कुणाच्या पाळीत निळी पडली तर तोही हिशेब तिघींचा. चौथी मी. आता कोण काढतंय तिला बाहेर?"

रझिया जमिनीकडे बघत होती. ढाकणे सिस्टर घड्याळाकडे. माझ्या तोंडून "मी" कसं निघालं, ते मला आजही नीट सांगता यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी द्वारकाला आतल्या खोलीत आरामखुर्चीत बसवलं. बाळाला टोपी-मोजे तेवढे ठेवून तिच्या उघड्या छातीवर ठेवलं आणि वरून रुंद पट्ट्याने दोघींना बांधलं. द्वारका श्वाससुद्धा जपून घेत होती. मी समोर स्टुलावर बसले. सिस्टर दाराशी उभ्या.

पहिल्यांदा सगळं ठीक चाललं. बाळ आईच्या हाडकुळ्या छातीवर गाल टेकून पडून राहिलं. माझी पाठ जराशी सैल झाली. आणि तेवढ्यात त्याच्या ओठांचा रंग बदलला.

मी तळव्यावर टिचकी मारली. काही नाही. पुन्हा मारली. पाठ चोळली. द्वारकाने माझ्याकडे पाहिलं. ते डोळे मी विसरले नाही. ओरडणं नाही, रडणं नाही, व्हायचं तेच झालं ना शेवटी, असे ते डोळे. माझा हात पट्ट्याच्या गाठीकडे गेला. सोडावं, वॉर्मरमध्ये टाकावं, आणि दुपारपर्यंत कशीबशी टिकवून रझियाच्या हवाली करावी. एवढंच मनात होतं, दुसरं काही नव्हतं.

"गाठ सोडू नकोस. आधी मान बघ," शेडगे सिस्टर दारातूनच म्हणाल्या.

मान पुढे झुकली होती. हनुवटी छातीला टेकून श्वासाची वाट दाबली गेली होती. मी मान जराशी उचलून बाजूला वळवली आणि पाठीवरून बोट ओढलं. बाळाने आचका दिला, आणि श्वास घेतला. मग दुसरा. ओठ हळूहळू उजळले. माझ्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"आता?" मी सिस्टरांना विचारलं.

"आता काय? राहू दे तिथंच. मान बघत बस."

दुपारी रझिया आली. पट्ट्यातलं बाळ बघून ती दारातच थबकली. "कशी आहे?"

"एकदा विसरली होती. घेतला मग."

सवयीने तिचा हात वॉर्मरकडे गेला होता. तो तिने मागे घेतला, स्टूल ओढलं आणि माझ्या शेजारी बसली. "सरक जरा. मला दाखव मान कशी धरायची ते." त्या दिवशी मी बस चुकवली. संध्याकाळी ढाकणे सिस्टर लवकर येऊन आमच्या शेजारी बसल्या, आणि ओव्हर कुणी कुणाला दिला ते कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

पुढचे दिवस सोपे गेले असं सांगितलं तर ते खोटं होईल. दूध वाढवलं की पोट फुगायचं, पोट फुगलं की माझा हात नळी बंद करायला जायचा. पण आता फीड थांबवायचं तर दुसरीला विचारूनच, असं ठरलं होतं आणि दोघींनी मिळून भ्यालं की भीती निम्म्यावर येते. डॉक्टर सोळंके परत आले, त्यांनी फळा वाचला, बाळ तपासलं आणि म्हणाले, "हे सव्वा महिन्याचं कुठल्या गाइडलाइनमधून काढलंत?"

"गोकर्णाबाईंच्या," शेडगे सिस्टर म्हणाल्या.

हळूहळू त्या मांडीवरच्या घड्या भरल्या. सव्वा महिना झाला तेव्हा मात्र नळी निघाली नव्हती. अर्धं दूध ती आईला ओढून पीत होती, अर्धं नळीने. मी सकाळीच फळ्यासमोर उभी राहून रडवेली झाले होते. "सिस्टर, हुकलं आपलं."

"तारीख आपल्यासाठी होती, तनपुरे. तिला कुणी वाचून दाखवली होती?" त्यांनी 'नळीशिवाय' हा शब्द पुसून टाकला. "बाकीचं झालंय ना? बोलाव त्या बाईला."

गोकर्णा हातपाय धुऊन, डोईवरून पदर घेऊन आत आली. पाळणा नव्हता. पाळण्याच्या खालून-वरून बायका बाळ देतात-घेतात तसं आम्ही खुर्चीच्या पाठीवरून केलं. मी रझियाला दिलं, रझियाने ढाकणे सिस्टरांना, त्यांनी शेडगे सिस्टरांना. नाकात नळी असलेली ती पोर चौघींच्या हातांतून फिरली आणि एकदाही श्वास विसरली नाही. गोकर्णाने वाकून तिच्या कानात नाव सांगितलं. मग तिच्या त्या दणदणीत आवाजात साऱ्या कक्षाला सांगितलं, "मुक्ता! ऐकलं का समद्यांनी? मुक्ता!" वॉर्मर दोनमधलं पठाणांचं बाळ दचकून रडायला लागलं.

नळी त्यानंतर काही दिवसांनी निघाली, आणि मग एका सकाळी त्यांना घरी जायची परवानगी मिळाली. दारात जीप उभी होती. ऊसतोडीवरून आलेला बाप गाठोडी चढवत होता, गोकर्णा त्याला गाठोडी कशी चढवायची ते शिकवत होती. आम्ही दाराशी आलो. शेडगे सिस्टरांनी बाळ हातात घेतलं होतं.

"मुक्ता. आहे," त्या म्हणाल्या आणि त्यांनी बाळ द्वारकाच्या हातात दिलं.

द्वारकाला हा पाढा काचेमागून ऐकून पाठ झालेला. "घेतलं," ती म्हणाली. पण निघाली नाही. उभीच राहिली. तिने आमच्या एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं, जीपकडे पाहिलं, छातीशी धरलेल्या मुलीकडे पाहिलं, आणि इतके दिवस जे विचारत होती तेच हळूच विचारलं.

"आता राती कोन हाय ड्युटीला?"

शेडगे सिस्टरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"तू."

द्वारकाने मान हलवली. मग बाळाची मान दोन बोटांनी जरा वर उचलली, बाजूला वळवली, अगदी आम्ही शिकवली होती तशी, आणि जीपमध्ये जाऊन बसली.